साबणाचं पाणी

गोणपाटावर बर्नरचे दोन नळ होते, प्रत्येकाला छत्तीस भोकं. शिवाय लोखंडी जाळी एक, कॉक दोन, रेग्युलेटर एक आणि साडेतीन फूट रबरी नळी एक. चांगुणानं भोकं दोनदा मोजली. बहात्तरपैकी नऊ बुजली होती. ती तिनं बारीक तारेनं एकेक करून मोकळी केली. बुजल्या भोकाचा गॅस भलतीकडून वाट काढतो, असं सिद्राम सांगायचा.

अशी शेगडी सगळ्या सोलापुरात एकच होती. चनबसप्पांचा मळा शहराबाहेर, दर हिवाळ्यात शहरातली मंडळी तिथं हुरड्याला यायची. आगटीच्या धुरानं डोळे चुरचुरतात अशी कुरकुर झाली, तेव्हा चनबसप्पांनी भवानी पेठेतल्या कारागिराकडून ही गॅसची शेगडी करून घेतली आणि मळ्यात उघड्यावर मांडली. शेण्यांचा वास नाही तो हुरडा कसला, म्हणून लोक हसायचे आणि पोटभर खाऊन जायचे.

तिची देखभाल चांगुणाचा नवरा सिद्राम करायचा. गेल्या साली, शहात्तरच्या डिसेंबरात, तो शेगडी पेटवायला वाकला आणि भडका उडाला. तो वाचला नाही. चनबसप्पांच्या जबाबावरून पंचनाम्यात आलं, नळी नवी आणि शाबूत; मयत बिडी ओढत होता; निष्काळजीपणा.

सिद्रामनं जन्मात बिडी ओठाला लावली नव्हती. आदल्या दिवशीच जेवताना तो म्हणाला होता, नळीला चीर गेलीय, साबणाचं पाणी लावलं की मिनिटाला सात बुडबुडे येतात, मालकांना दाखवलंय, पण ते म्हणतात हंगाम सरू दे. हे सगळं चांगुणानं चौकीवर सांगितलं. तिथं म्हणाले, नळी तर नवी आहे. जुनी असेल तर आण. ती तिला आणता आली नाही.

चनबसप्पांनी तेराव्याला तांदूळ पाठवले आणि नवऱ्याचं काम बायकोला दिलं. लोक म्हणाले, देवमाणूस. चांगुणानं काम घेतलं. वर्षभर तिच्या मनात एकच होतं. ज्या माणसानं सिद्रामच्या तोंडात मेल्यावर बिडी दिली, त्याला एकदा या शेगडीपुढं उभं करायचं.

तिनं जाळी घासली, नळ फडक्यानं कोरडे केले. मग नळी घेतली. चुलीतली राख ओल्या फडक्यावर घेऊन ती नळी चोळत राहिली, पार चकाकी जाईपर्यंत. सगळं जोडून झाल्यावर तिनं साबणाच्या पाण्याचा बोळा फिरवला, वाकून पाहिलं आणि बादली शेगडीच्या आडोशाला ठेवून दिली.

दहाच्या सुमाराला मंडळी जमली. गेल्या साली पंचनामा लिहिणारे फौजदारही आले होते. त्यांनी टोपी बाभळीच्या फांदीला अडकवली. चनबसप्पा पांढऱ्या धोतरात हसत हसत शेगडीशी आले.

"काय गं, कमरंला बिडी-काडी न्हाय न्हवं?"

हा विनोद ते दर खेपेला करायचे. दोघं-तिघं हसले.

"न्हाय मालक," चांगुणा म्हणाली. "पैला जाळ तुमीच लावायचा."

"न्हायतर कोन लावनार?"

हंगामाचा पहिला जाळ मालकानं कापरानं लावायचा, हा त्यांचा नेमच होता. चांगुणानं सगळ्यांना दहा पावलं मागं सरायला सांगितलं. सिद्रामचीही तीच शिस्त होती. कणसांची पाटी घेऊन आलेल्या बिरप्पा गड्याला गंमत वाटली. त्यानं विचारलं, "आन मालक?"

"मालक हितंच लागत्यात की."

तिनं पोरांना आणखी थोडं मागं ढकललं. मग सिलिंडर उघडला, थाळीत कापूर पेटवला आणि थाळी चनबसप्पांच्या डाव्या हातात दिली. त्यांचा उजवा हात शेगडीच्या कॉकवर गेला. तेव्हा ती बोलली. दहा पावलांवर ऐकू जाईल इतक्याच आवाजात.

"मालक, ती नवी नळी उंदरानं कुरतडली हुती. मागं जुनी घावली. तीच पुसून लावलीया."

"कुटली जुनी?"

"तीच की. आमच्या धन्याच्या येळची."

चनबसप्पांनी थाळी लांब मातीत भिरकावली. सिलिंडर घाईघाईनं बंद केला. मग ते धोतर सावरत मागं पळाले, पार मंडळींच्याही मागं.

"येड लागलंय का तुला? गळकी हाय ती. त्यो मेला कशानं मग? त्याच दिशी मी ती काढून..."

बिरप्पानं पाटी खाली ठेवली.

"कोणत्या दिवशी, चनबसप्पा?" फौजदारांनी विचारलं.

त्यांनी फांदीवरची टोपी काढून डोक्यावर घातली.

"जबाबात तर नळी एकच होती. पहिल्यापासून एकच, आणि नवी. माझ्याच अक्षरात आहे."

फौजदारांनी सगळ्यांना जागच्या जागी थांबायला सांगितलं, कापूर पायानं विझवला आणि साबणाचं पाणी मागितलं. चांगुणानं आडोशाची बादली पुढं केली. शेगडीचे दोन्ही कॉक बंद आहेत हे पाहून तिनं सिलिंडर पुन्हा उघडला. फौजदार उकिडवे बसले आणि त्यांनी ओला बोळा नळीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला. बोळ्यावर राख उतरली. राखेखालचं रबर काळंभोर निघालं, दुकानातून आणल्यासारखं चकचकीत, चीर कुठंच नाही. त्यांनी मान वर करून चांगुणाकडं पाहिलं. मग मनगटावरच्या घड्याळाकडं.

पाच मिनिटं ते नळीवर वाकून होते. बुडबुडे शून्य.