पाचवी बशी

"करपट!" पाचव्या बशीतल्या बिस्किटाचा तुकडा गिळत मोठ्या बाई म्हणाल्या.

बिस्कीट कारखान्याच्या चव-खोलीत मत सांगायचं ते ज्येष्ठतेनं, आणि मोठ्यानं. बाईंच्या मागोमाग दाढीवाले म्हणाले, "करपट." चष्मेवाली म्हणाली, "हो, करपटच." उरली ती शेवटच्या खुर्चीवरची नवी मुलगी.

तिने तुकडा पुन्हा चघळला. करपट? छे! गोडी, खुसखुशीतपणा, सगळं कसं जिथल्या तिथे! आठवडाभर तापाने अंथरुणात काढून ती आजच कामावर आली होती, आणि आजच साहेब ठरवणार होते, तिला कायम करायचं की नारळ द्यायचा.

गेले तीन महिने ती सगळ्यांच्या सुरात सूर मिसळत आली होती. बाई फिकं म्हणाल्या की फिकं. आजही 'करपट' म्हणून मोकळं व्हावं, कशाला उगाच वाकड्यात शिरायचं?

"मला नाही लागत करपट," ती बोलून गेली.

बाईंच्या भुवया कपाळात गेल्या. दारात उभे असलेले साहेब मात्र लगबगीने पुढे आले. "पुन्हा चाखा सगळ्यांनी!"

नवी हटली नाही. "छान आहे, साहेब. शंभर टक्के!"

आधी चष्मेवाली डळमळली. "तसं बघितलं तर... इतकं काही नाही."

दाढीवाल्यांनी दाढी खाजवली. "मघाशी मलाही जरा शंकाच होती."

शेवटी मोठ्या बाई पुटपुटल्या, "असेल बाई. आमची जीभ म्हातारी झाली."

"शाब्बास!" साहेबांनी टेबलावर थाप मारली. "माना डोलवणारे ढीगभर आहेत इथे, चव कळणारी एकच निघाली! सोडा तो सगळा माल बाजारात. आणि हिची नोकरी पक्की. उद्यापासून पहिलं मत हिचं!"

पहिलं मत! संध्याकाळी ती बसमधून उतरली ती जवळजवळ धावतच सुटली. दोन-दोन पायऱ्या गाळत जिना चढली, दार ढकललं. "आई, पक्की झाले गं! सगळ्यांना पुरून उरले!"

आई नाकाला रुमाल लावून भराभर खिडक्या उघडत होती. "अगं, ते राहू दे, आधी ती खिडकी उघड! दूध जळून कोळसा झालंय, वरच्या मजल्यावरची शेजारीणसुद्धा धावत आली. तुला तर खाली रस्त्यावरच आला असेल वास."

तिने जोरात श्वास घेतला. मग पुन्हा एकदा, आणखी जोरात.

"कसला वास?"