एकही प्रेक्षक उठता कामा नये

हिमयुग संपायला अजून चार वाक्यं होती आणि पहिल्या रांगेतले आजोबा घोरत होते.

"अहो, शेकोटीत आता काय घालू?" गोधडी लपेटलेल्या बाईने विचारलं.

"तुझ्या आईचं पत्र घाल. नुसतं वाचलं तरी घाम फुटतो," नाटकातला आणि घरातलाही नवरा म्हणाला.

एकजण हसला. एकच, पण हसला.

नाट्यगृहाच्या एकुलत्या एक अरुंद दारात मालक हाताची घडी घालून उभे होते. गेल्या दोन प्रयोगांना माणसं मधूनच निघून गेली होती. "आज एकही प्रेक्षक उठला, तर नाटक बंद," त्यांनी प्रयोगाआधीच बजावलं होतं. बाईने पदर खोचला होता. नाटकातलं कुटुंब हिमयुगातून तगतं, महापुरातून तगतं. मग आपल्याला तीन अंक तगायला काय झालं?

पाठ मात्र भाजत होती. दिव्यांखाली गोधडी म्हणजे शिक्षाच.

विंगेत वही घेऊन बसलेला तिचा दीर, नाटकाचा प्रॉम्प्टर, खोकत म्हणाला, "वहिनी, दूध उतू चाललंय."

हे वाक्य वहीत नव्हतं. नवरा-बायकोची नजरानजर झाली. तिने गोधडी भिरकावली आणि ती थेट प्रेक्षकांत उतरली.

"अगं बाई, पूर आला! आजोबा, उठा, होडी बाहेर लागलीय. चपला राहू द्या, पुरात कोण बघतंय?"

हशा पिकला. तिने सूर लावला:

"उचल गं तान्हं बाळ, धर म्हाताऱ्याचा हात,
पाणी आलं उंबऱ्याला, चला होडीच्या आत!"

टाळ्यांनी ठेका धरला. रांगेमागून रांग उठली. जोडीजोडीने, गात, हसत.

"ढकलाढकली करणाऱ्याला होडीत माझ्या सासूशेजारी बसवीन!" मागून नवरा गरजला.

मालक दारात आडवे आले. "बाई, वेड लागलं का? सगळे उठले!"

"तुम्हीही चला," म्हणत तिने त्यांना बाहीला धरून ओढलं.

समोरच्या अंगणात माणसं अर्धगोल करून उभी राहिली, पुढचा अंक बघायला.

"बंद! आजपासून नाटक बंद!" मालक ओरडले.

बाईचं लक्ष दाराकडे होतं. सगळ्यांत शेवटी दीर आला. त्याच्या भुवया जळल्या होत्या.

"आत कोणी नाही, वहिनी."

तिने त्याला हाताला धरून अंगणात घेतलं. त्याच्यामागे नाट्यगृहाचं पेटलेलं छप्पर धाडकन कोसळलं, आणि प्रेक्षकांनी टाळ्यांचा कडकडाट केला.