सरळ रस्त्यावरचं वळण

वहिनीची पहिली ट्रायथलॉन जवळ आली होती, पण ट्रक दिसला की ती सायकलवरून उतरूनच उभी राहायची. तिच्या सरावासाठी बिनधोक रस्ता शोधायचं काम माझ्याकडे आलं.

मोबाइलच्या नकाशावर इतर सायकलवाल्यांच्या वाटांच्या रेघा पाहून एक रस्ता निवडला. रिकामा, सरळसोट. फक्त एका जागी सगळ्यांच्या रेघा बाजूला वळल्या होत्या.

"खड्डा असेल, भावजी. चुकवू की!"

सकाळी गेलो. तिथे खड्डाबिड्डा काही नव्हता. वहिनी गाणं म्हणत सरळ निघून गेली, मी तिच्या मागोमाग.

घरी तिने मोबाइलवर स्वतःची रेघ पाहिली. तीही त्याच जागी वळली होती.

"छे! तू सरळच गेलीस वहिनी, मी मागेच होतो."

"मग तुमची दाखवा."

मी हसत मोबाइल पुढे केला.

माझी रेघ वळली नव्हती. ती तिथेच संपली होती.