राहिलेल्या बाह्या

"ऑपरेशन झाल्यावर पहिलं काम काय करणार?" समुपदेशक बाईंनी विचारलं.

"चार खांद्यांवरून जाणार," मास्तर म्हणाले.

बाई हसल्या नाहीत. हृदयाचं ऑपरेशन आठवड्यावर आलं होतं आणि जन्मभर शिलाई मशीन चालवलेल्या मास्तरांनी मनाने दुकानाला केव्हाच कुलूप ठोकलं होतं. बाईंनी पिच्छा सोडला नाही. शेवटी मास्तरांच्या तोंडून निघालं, "नातीच्या कोटाला बाह्या लावायच्या राहिल्यात."

"मग रोज डोळे मिटा, सावकाश श्वास घ्या आणि त्या मनात लावत बसा."

"डोळे मिटून शिवलं तर गिऱ्हाईक पायरी चढेल का?" मास्तर कुरकुरले. पण डोळे मिटले. टाक्यागणिक श्वास संथ होत गेला. झोप लागू लागली. ऑपरेशनला नेलं तेव्हा मनातली डावी बाही लावून झाली होती, उजवी राहिली होती.

शुद्धीवर आल्यावर त्यांनी कोट मागितला. बायकोने तो हौसेने पुढे धरला. दोन्ही बाह्या लावलेला, वर इस्त्रीसुद्धा.

"अहो, करून टाकला मी. म्हटलं, तुमच्या जिवाला घोर नको. आता निवांत पडा."

मास्तर निवांत पडले ते भिंतीकडे तोंड करून. नर्सने विनवलं तरी उठेनात, श्वासाचे व्यायाम करेनात. छातीत कफ साठू लागला.

"जखम छान भरतेय, पण माणसानेच हातपाय गाळलेत," डॉक्टर म्हणाले. दाराबाहेर समुपदेशक बाई बायकोशी बराच वेळ बोलत होत्या.

दुसऱ्या दिवशी बायको पिशवी घेऊन आली. कोट बाहेर काढला. बाह्या वेगळ्या झाल्या होत्या.

"खांद्यावर चुण्या पडल्या हो. उसवाव्या लागल्या. मला नाही जमत हे."

मास्तरांनी नाइलाजाने कोट जवळ ओढला. उसवलेल्या शिवणीची बारीक भोकं कापडात अजून दिसत होती. त्यांनी त्यावरून नख फिरवलं. खांद्याची गोलाई नेमकी साधली होती, टाक्याला टाका सारखा पडला होता. चुणी पडायला कुठे जागाच नव्हती.

त्यांनी वर पाहिलं. बायको खिडकीबाहेर बघत होती. मास्तरांचे डोळे भरून आले.

"नाहीच जमत तुला," ते म्हणाले आणि पलंगावरून पाय खाली सोडले. "ती खुर्ची जरा उजेडात ओढ."