पेपरांचा गठ्ठा

आमचे हे शाळेत मास्तर. तपासायला पेपरांचा गठ्ठा घरी आला, की यांना पंख्यावरची धूळ दिसायला लागते. मग माळा, गळका नळ, कुरकुरणारं दार, सगळी कामं एकदम आठवतात. "अहो, आधी पेपर घ्या" म्हणून किती डोकं फोडलं, पण पालथ्या घड्यावर पाणी! शेवटी मीच शहाणी झाले. घरातली अडलेली कामं आता मी गठ्ठा येईपर्यंत राखून ठेवते.

या वेळी मात्र मी चक्रावले. काल संध्याकाळी हे गठ्ठा घेऊन आले ते हातपायही न धुता लाल पेन काढून बसले. आज दुपारी शेवटचा पेपर संपला. नळ तिकडे टपटपतोय, यांचं लक्षही नाही. कौतुक करावं की काळजी, मला कळेना.

चहा समोर ठेवत मी हसून विचारलं, "आता कुठलं काम टाळताय?"

त्यांनी पहिलाच पेपर पुन्हा उघडला आणि मार्कांची बेरीज परत करायला घेतली.

माझं हसू तिथंच थांबलं.

"अहो, काल येताना डॉक्टरांकडे गेला होतात ना? काय म्हणाले ते?"