उंबऱ्यावरची तट्टी

दिवस कासराभर वर आला तरी मच्छिंद्राने दारातील तट्टी बाजूला केली नाही, तेव्हा समोरच्या ओट्यावर बसलेल्या सूर्यभानाच्या मनातील संशय पक्का झाला.

शिंगणापुरात घराला चौकट असते, दार नसते. थंडीत कुत्र्यामांजरांच्या भयाने रात्री कोणी फळी टेकवली, तर त्यास आळी नावे ठेवीत नाही. परंतु उजाडताच ती फळी भिंतीला लागली पाहिजे, असा सूर्यभानाचा आग्रह होता. कार्तिक सरत आला होता. प्रत्येक घर हिवाळ्याच्या तयारीस लागले होते. कोणी भिंतीच्या भेगांत चिंध्या कोंबीत होते, कोणी गोधड्यांना ऊन दाखवीत होते. सारवण मात्र कोणीच काढले नव्हते, कारण बहात्तर सालच्या त्या दुष्काळात प्यावयासच पाणी नव्हते. आणि मच्छिंद्राची तट्टी तर वरपासून खालपर्यंत शेणाने लिंपलेली. एवढे पाणी त्याने आणले कोठून? शिवाय तिचा मधला भाग चांगला वीतभर बाहेर फुगलेला. आतून काही भक्कम वस्तू रेटून ठेवल्यावाचून तट्टी अशी फुगत नाही, हा विचार सूर्यभानाने तीन दिवस केला, आणि ती वस्तू म्हणजे ज्वारीची पोतीच, असा निर्णय त्याने मनोमन दिला.

इतक्यात त्याची पत्नी बनुबाई पाखडलेली ज्वारी सुपात घेऊन बाहेर आली.

“मनकर्णाला बाळंत होऊन नऊ दिस झालं,” ती म्हणाली. “त्या रेशनच्या लाल मिलोची भाकर खाती बाई. दूध कसं यायचं अंगावर? एवढी ज्वारी देऊन येते.”

“ठेव ती खाली.”

“का वो?”

“त्याच्या तट्टीमागं पोती हायती. आन् आपून त्याला सुपानं वाढायचं?”

“तुमी पाह्यली?”

“झाकायला हाय म्हनून झाकलंय त्यानं.”

“आपल्याकडंबी हायेच की थोडी.”

“हळू बोल,” सूर्यभान दबक्या स्वरात म्हणाला. “आपलं कुनाला ठावं हाय?”

बनुबाईने सूप खाली ठेवले नाही. सूर्यभान उठला, उकिरड्यालगतच्या ढिगातून त्याने एक गोवरी उचलली आणि विस्तव मागण्याच्या मिषाने तो समोर गेला. उंबऱ्याशी तो रीतीप्रमाणे खाकरला.

तट्टी थोडीशी सरकली. “या आण्णा,” मच्छिंद्र म्हणाला. “पन बिगीनं आत या. वारं शिरतंय.”

सूर्यभान आत गेला आणि त्याच्या पाठीमागे तट्टी पुन्हा लागली. त्याने प्रथम तिच्या मागेच पाहिले. तेथे काही नव्हते. चुलीशी पाचसहा मडकी होती, त्यांतली दोन पालथी. भिंतीकडे तोंड करून बाजेवर मनकर्णा निजली होती, आणि तिच्या पदराआड मूल चाचपडत होते. कोपऱ्यातील जमिनीवर एक मोठा गोल डाग दिसत होता. तेथे वर्षानुवर्षे उभी असलेली एखादी वस्तू नुकतीच हलवली असावी.

सूर्यभानाने तट्टीवर तळहात दाबून पाहिला. मागे काही नसतानाही ती तशीच फुगीर होती, आणि तिच्यावरचे शेण जुने, धुराने काळवंडलेले होते.

“ही अशी कशानं फुगलीया रं?”

“कनगी हाय ती, आण्णा. ज्वारी साठवायची. रिकामीच पडली व्हती. उभी चिरली, पन सरळ व्हायला तयारच न्हाई. दोन दिस वर दगडं ठिवून पाह्यली. आजाच्या वक्तापासनं गोल राहिलेली, ती काय माजं ऐकती व्हय.”

बाजेवरून, तोंड न फिरवता, मनकर्णा बोलली.

“विस्तू न्यायला आलेलं तुमी चवथं हाय, आण्णा. आलाच हाय तर बाजंखालीबी बघून घ्या.”

“तू गप पड,” मच्छिंद्र ओशाळून म्हणाला. त्याने चुलीतील निखारा चिमट्याने उचलला आणि सूर्यभानाच्या गोवरीवर अलगद ठेवला. मग काही आठवून तो मोठ्या आस्थेने म्हणाला, “तुमचं घर तर पार वाऱ्याच्या तोंडाला हाय, आण्णा. वैनींना दम्याचा तरास. तुमची कनगी मोकळी झाली आसंल तर सांगा. सांजच्याला दुष्काळी कामावर खडी फोडून आलो की घटकाभरात चिरून दारात बसवून देतो.”

गोवरी धुमसू लागली होती आणि धूर सूर्यभानाच्या डोळ्यांत जात होता. ‘झाली’ म्हणावे, तर संध्याकाळी हा माणूस कोयता घेऊन घरात, न सरलेल्या कनगीपुढे उभा राहणार. मच्छिंद्राच्या चेहऱ्यावर कपटाचा लवलेशही नव्हता. तो केवळ उत्तराची वाट पाहत होता.

“अजून न्हाई,” सूर्यभान अखेरीस म्हणाला. “अजून न्हाई झाली मोकळी.”

“बरं हाय मग,” असे म्हणून मच्छिंद्राने त्याच्याकरिता तट्टी बाजूला सारली.

बाजेवर मनकर्णा मुलाला सावरीत कुशीवर वळली, आणि सूर्यभान उंबरा ओलांडून जाईपर्यंत त्याच्याकडे पाहत राहिली.