कलम पहिलं

विद्यापीठवाल्यांनी जमातीचं गांजाच्या पाल्याचं मलम परस्पर लाटू नये, म्हणून अमेरिकेत साउथ डाकोटातल्या, मूळ रहिवाशांसाठी राखलेल्या एका रिझर्व्हेशनची वकील वर्ना आयर्न हिल हिने तीन वर्षं खपून बेचाळीस पानांची नियमावली लिहिली होती. त्यातलं कलम पहिलं तिचं फार लाडकं: वडीलधाऱ्यांच्या हातावर आधी मानाची तंबाखू ठेवायची, मगच तोंड उघडायचं. जो चुकेल, त्याला त्या घरात वर्षभर काहीही विचारायला मनाई.

आज ती विद्यापीठातल्या एका प्रोफेसरला घेऊन मलम करणाऱ्या आपल्या आर्डिथ मावशीकडे आली, ती भर जेवणवेळी. शेगडीवर मक्याचं सूप रटरटत होतं.

"मावशी, यांच्या संशोधनाला तुझी हरकत नाही ना? नसेल तर इथे सही कर."

"आधी वाच की, काय लिहिलंयस ते."

वर्नाने प्रोफेसरकडे रोखून बघत खणखणीत आवाजात कलम पहिलं वाचलं. प्रोफेसरने मुकाट्याने लाल फडक्यातली तंबाखूची पुरचुंडी काढून मावशीच्या हातावर ठेवली. वर्नाने आपला खिसा चाचपला. त्यात नुसतं पेन होतं.

"घरच्यांना सूट आहे का गं यात?"

"नाही," वर्ना पुटपुटली. "कुणालाच नाही."

"छान लिहिलंयस हो!" मावशीने सही ठोकली आणि सुपाचा वाडगा प्रोफेसरपुढे ठेवला.



'आणि मला?' वर्नाच्या अगदी ओठावर आलं होतं. पण पळवाट राहू नये म्हणून कलमात 'काहीही' हा शब्द तिनेच हट्टाने घातला होता.